शाळा पायी, नोकरी लोकलने

मुलं शाळेच्या वयाला आली की मुंबईत भाड्याच्या घरात दिवस काढणारे आईबाप रेल्वेच्या नकाशाकडे पाहू लागतात. आमचंही तसंच झालं. माझी नोकरी फोर्टात, नवऱ्याची ऐरोलीत, थोरली ज्युनियर केजीच्या वयाची आणि धाकटा रांगता. मुलुंड, ठाण्याचा घोडबंदर रोड, डोंबिवली आणि बदलापूर असे पर्याय समोर होते. आम्ही डोंबिवली पूर्वेला आलो. थोरली आता सातवीत आहे, धाकटा तिसरीत. ऑफिसातल्या नव्याने आई झालेल्या मुली विचारतात, “ताई, घर कुठे बघू?” त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. आधी शाळा ठरवा, मग घर.

घर बघायला निघताना आपल्या डोक्यात बजेट असतं, कारपेट असतं, स्टेशनपासूनचं अंतर असतं. शाळेचा विषय एजंट “इथे शाळा भरपूर आहेत” म्हणून मिटवून टाकतो. हा क्रम उलटा करा. नोकऱ्या बदलतात, ऑफिसं फोर्टातून बीकेसीला आणि तिथून ऐरोलीला हलतात. शाळा मात्र एकदा धरली की सहसा दहावीपर्यंत सुटत नाही. आधी दोन-तीन शाळा मनात पक्क्या करा आणि त्यांच्या आसपास घर शोधा.

अंतर किती असावं? शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असं धरलेलं आहे. मी घर शोधताना हीच पट्टी लावली. लहान मुलाच्या पावलांनी एक किलोमीटर म्हणजे वीसेक मिनिटं. शाळा पायी अंतरावर असली की बसचे पैसे वाचतात, हा लहान फायदा. मोठा फायदा हा की आईवडील गाडीत अडकले तरी मूल कुणाचा तरी हात धरून घरी पोचतं.

२. प्रवास दारापासून दारापर्यंत मोजा.

डोंबिवली ते सीएसएमटी जलद लोकलने साधारण सव्वा तास. वेळापत्रक एवढंच सांगतं. त्याच्या आधी स्टेशनपर्यंतचं चालणं आहे, पादचारी पुलावरची गर्दी आहे, भरून आलेली पहिली गाडी सोडून दुसरीची वाट बघणं आहे. संध्याकाळी उतरल्यावर पुन्हा रिक्षाची रांग. हे सगळं धरलं की एका बाजूचे पावणेदोन तास होतात.

स्टेशन निवडताना दोन गोष्टी आवर्जून विचारा. जलद गाडी थांबते का, आणि लोकल तिथून सुटते का? ठाकुर्ली आणि कोपर डोंबिवलीला खेटून आहेत, पण जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. कर्जत-कसाऱ्याकडून येणारी लोकल डोंबिवलीला येते तीच भरून. डोंबिवलीहून सुटणारी मिळाली तर बसायला जागा मिळण्याची आशा असते. रोजच्या प्रवासात बसून जाणं आणि उभ्याने जाणं यात पाठीचा आणि संध्याकाळच्या मूडचा फरक आहे, आणि त्या मूडचा पहिला अनुभव घरी वाट बघणाऱ्या मुलांना येतो.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्यात माणसं गेली. त्याच मार्गाने मी कामाला जाते. म्हणून सांगते, वेळ परवडतो का हे नंतर बघा. ऐन गर्दीत आपल्याला दाराच्या आत उभं राहायला मिळेल का, हे आधी बघा. घरं रविवारी दाखवतात, तेव्हा फलाट मोकळे असतात. तुम्ही सोमवारी सकाळी आठला तिथल्या फलाटावर जा, गाडीत चढा आणि ऑफिसपर्यंत जाऊन या.

३. शाळेतून फोन आला तर कोण पोचेल?

मुलाला ताप भरलाय, घेऊन जा, असा फोन प्रत्येक आईबापाला कधी ना कधी येतो. दोघांपैकी एकाची नोकरी शाळेपासून तासाभरात असलीच पाहिजे, ही माझी ठाम अट होती. २००४ मध्ये ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर मार्ग सुरू झाला तेव्हापासून ऐरोलीहून ठाण्याला येऊन गाडी बदलणं सोपं झालंय, आणि दुपारी तर गर्दीही कमी असते. आमच्याकडे पोचू शकणारा माणूस नवरा आहे. शाळेच्या डायरीत पहिला नंबर त्याचा. सुरुवातीला बाई तरीही मलाच फोन करायच्या. मी त्यांना समजावून सांगितलं की मी फोर्टात आहे, बाबा लवकर येतील. घोडबंदरचं सुंदर घर आम्ही याच हिशेबाने सोडलं. तिथून ठाणे स्टेशन गाठायलाच माझा जीव रस्त्यावर अडकला असता.

४. शाळा सुटताना फाटकाशी उभं राहा.

प्रवेशाच्या चौकशीला गेलं की शाळा संगणककक्ष दाखवते, स्मार्ट बोर्ड दाखवते. तेवढ्यावर परत फिरू नका. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर अर्धा तास उभं राहा. आम्ही पाहिलेल्या एका शाळेत घंटा झाली आणि सगळे वर्ग एकाच अरुंद फाटकातून थेट रस्त्यावर आले. रिक्षावाले काका नावं पुकारत होते आणि एक चिमुरडी दप्तर सावरत भलत्याच रिक्षाकडे निघाली होती. दुसऱ्या शाळेत लहान वर्ग आधी सुटत. बाई एकेका मुलाचा हात पालकाच्या हातात देत, अनोळखी चेहरा दिसला तर ओळखपत्र मागत. त्या शाळेची इमारत जुनी, भिंतींचा रंग उडालेला. आम्ही तीच घेतली. पहिल्या आठवड्यात माझ्या सासऱ्यांनाही, अण्णांना, त्या बाईंनी थांबवून ठेवलं, मला फोन केला आणि मगच नातीला त्यांच्याबरोबर सोडलं. अण्णा घरी येऊन म्हणाले, “शाळा चांगली आहे.”

शिक्षण मंडळ कोणतं, या प्रश्नावर पालक फार शक्ती घालवतात. माझ्या मते प्राथमिक वर्गांत मंडळापेक्षा वर्गाचा पट महत्त्वाचा. शिक्षणहक्क कायदा प्राथमिकला ३० आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगतो. शाळेच्या यू-डायस क्रमांकावरून मुलं, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं यांची माहिती सरकारी संकेतस्थळावर बघता येते. ती बघा, आणि मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊनही या.

आम्ही सेमी इंग्रजी निवडलं. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. आजीला मुलांचा अभ्यास घेता येतो आणि मुलं घरातल्या गप्पांत मागे पडत नाहीत. ठाणे-डोंबिवलीत जुन्या अनुदानित शाळा आजही नेटाने चालू आहेत. त्यांचं शुल्क मध्यमवर्गाला झेपतं. त्या न बघता पुढे जाऊ नका.

वेळही विचारून घ्या. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य सरकारने २०२४ मध्ये काढला. पण दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळेत पुढच्या इयत्तेत पाळी बदलू शकते. सकाळची शाळा दुपारची झाली की पाळणाघर, आजी-आजोबा, लोकल, सगळीच घडी नव्याने बसवावी लागते. बस घ्यावीच लागली, तर २०११च्या स्कूलबस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती आहे का हे विचारा आणि जमलं तर त्या समितीवर जा.

५. घर जुलैत बघा.

बदलापूरची घरं आम्हाला परवडत होती आणि मोठीही होती. पण २००५ मध्ये उल्हास नदीच्या पुराने तिथे काय केलं ते आठवत होतं. पुढे जुलै २०१९ मध्ये त्याच पट्ट्यात, वांगणीजवळ, महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. सगळं बदलापूर पाण्यात जात नाही, उंचावरचे भाग चांगले आहेत. मात्र कुठल्या रस्त्यावर पाणी येतं हे एजंटला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. उन्हाळ्यात टँकर किती येतात, हेही तोच खरं सांगेल.

डोंबिवलीबद्दल तेवढंच सरळ सांगते. इथल्या एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. आम्ही घर आणि शाळा दोन्ही औद्योगिक पट्ट्यापासून लांब घेतली. तुम्हीही नकाशावर कारखाने शोधा.

६. न झालेली मेट्रो हिशेबात धरू नका.

कल्याणच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, तेव्हा माझी लेक केजीत होती. आज जी गाडी धावते तीच धरा.

७. शेजार बघा.

एका पावसाळ्यात संध्याकाळी सायनला रुळांवर पाणी भरलं आणि माझी गाडी उभी राहिली. नवरा ठाण्याच्या फलाटावर, मी डब्यात. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, “पोरं माझ्याकडे आहेत, वरणभात जेवलीत. तू जिवाची घाई करू नकोस.” मी रात्री उशिरा पोचले तेव्हा धाकटा त्यांच्या दिवाणावर झोपला होता आणि थोरलीची भिजलेली वही त्यांनी पंख्याखाली उलगडून वाळत ठेवली होती.

असा शेजार जाहिरातीत लिहिलेला नसतो, पण त्याच्या खुणा दिसतात. संध्याकाळी इमारतीच्या आवारात मुलं खेळतात का, म्हातारी माणसं बाकावर बसलेली असतात का, जवळ वाचनालय आणि मैदान आहे का, ते पाहा. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीतूनच सुरू झाली, २०१७चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं. अशा गोष्टी एकमेकांना ओळखणारी माणसं असलेल्या गावात होतात. माझी मुलं पाडव्याला लेझीम घेऊन त्या यात्रेत चालतात, आणि रस्त्यावरचे निम्मे लोक त्यांना नावाने हाक मारतात.

८. पहिलं वर्ष भाड्याने राहा.

अकरा महिन्यांचा करार म्हणजे जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष. त्यात एक पावसाळा येतो, एक परीक्षा येते, कितीतरी मेगाब्लॉक येतात. तेवढ्यात त्या जागेचं सगळं कळतं.

पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, त्यावरून मागे मोजत तुमच्या मुलाचं वर्ष ठरवा. खासगी शाळांचे अर्ज बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातच निघतात. जूनमध्ये नव्या भागात जायचं असेल, तर दिवाळीची सुट्टी संपताच शाळा बघायला लागा, आणि प्रवेशाची पावती हातात पडेपर्यंत कुठल्याही घराला टोकन देऊ नका.