शाकाहारी नियतकालिकांचा प्रवास : लंडन ते पुणे

अजिंठ्याच्या दहाव्या व सतराव्या लेण्यांत छद्दंत जातकाची चित्रे आहेत. राणीच्या हट्टापायी गजराजाचे सहा सुळे कापून आणले जातात, अशी ती कथा. हत्तीचा जीव जातो तो पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. हिंसेचा प्रश्न ताटापुरता नाही, हे त्या चित्रकारांनी जाणले होते. शाकाहाराचा पुरस्कार करणाऱ्या आधुनिक नियतकालिकांना मात्र हा टप्पा गाठण्यास बराच काळ लागला.

इंग्लंडमध्ये १८४७ साली शाकाहारी मंडळ स्थापन झाले. पुढे १८८८ मध्ये लंडनहून ‘द व्हेजिटेरियन’ हे साप्ताहिक निघू लागले. कायद्याचा अभ्यास करण्यासाठी तेथे गेलेल्या मोहनदास गांधींचे आरंभीचे लेख १८९१ साली याच साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. हिंदी शाकाहारी दूध घेतात, पण अंडी वर्ज्य मानतात, अशी माहिती त्यांनी इंग्रज वाचकांस दिली. १९४४ साली डोनाल्ड वॉटसन यांनी ‘व्हीगन न्यूज’ हे छोटेखानी पत्रक काढून दूधही नाकारले. वादाचा केंद्रबिंदू मात्र अद्याप बहुतांशी आहार हाच होता.

महाराष्ट्रात या विचाराला वेगळे वळण मिळाले ते पुण्यात. इंग्लंडमधील ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ या चळवळीची भारतीय शाखा १९७४ साली तेथे सुरू झाली. तिच्या ‘कम्पॅशनेट फ्रेंड’ या इंग्रजी नियतकालिकाने उपदेशापेक्षा माहितीवर भर दिला. मिठाईवरील चांदीचा वर्ख बैलाच्या आतड्यापासून केलेल्या पापुद्र्यांत ठेवून कुटला जाई, ही गोष्ट अनेक कट्टर शाकाहारी कुटुंबांना ठाऊकच नव्हती. रेशमाचा अखंड धागा मिळविण्यासाठी कोशातील किडा उष्णतेने मारावा लागतो. आपल्या जिल्ह्यातील पैठणीचा अभिमान बाळगताना आपण हे क्वचितच ध्यानात घेतो. अर्थात, विणकराच्या पोटाचा प्रश्नही तितकाच खरा आहे.

या संस्थेने ज्या मागण्यांचा पाठपुरावा केला, त्यांपैकी एक म्हणजे वेष्टनांवरील ओळखचिन्ह. २००१ च्या अधिसूचनेने शाकाहारी पदार्थांसाठी हिरव्या ठिपक्याची खूण ठरविण्यात आली. लहानशा नियतकालिकांतून वर्षानुवर्षे मांडलेला विचार असा किराणा दुकानापर्यंत पोहोचतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्या समाजात शाकाहाराला सोवळ्याओवळ्याचा व जातिश्रेष्ठत्वाचा वास चिकटलेला आहे. हिरवा ठिपका ग्राहकाला माहिती देण्यासाठी आहे. शेजाऱ्याचे ताट तपासण्यासाठी नाही. १९३१ साली लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे बोलताना गांधीजींनीही शाकाहाराला नैतिक अधिष्ठान हवे आणि शाकाहारी माणूस सहिष्णू असावा, असाच आग्रह धरला होता.

करुणा आणि शुचिता या दोन भिन्न गोष्टी आहेत. शुचिता दुसऱ्याला दूर लोटते. करुणा प्रथम स्वतःच्या हौसेकडे बोट दाखविते. या नियतकालिकांचे मोल ठरवावयाचे ते याच कसोटीवर.