थरथरीचे मूळ जोडणीत शोधा

प्रश्न : किटमधून ४५० वर्गातले रिमोटवरचे हेलिकॉप्टर जोडले. मोटरचा वेग वाढवताच ते थरथरते, शेपटीही डुलते. महागडा जायरो घ्यावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घाई करू नका, तुमचा जायरो बहुधा निर्दोष आहे. हेलिकॉप्टर किती वळले हे मोजून जायरो सर्व्होला दुरुस्ती सांगतो. मोजमापातच थरथर मिसळली, तर नवा जायरोही चुकीचीच दुरुस्ती सांगेल. म्हणून आधी मुख्य आणि शेपटीची पाती काढून मोटर फिरवा. थरथर टिकली तर शाफ्ट, गिअर, बेअरिंग तपासा. थांबली तर पात्यांचे वजन जुळवा आणि मुख्य पाती एकाच पातळीत फिरतात का ते पाहा. भाग नवे असताना दोष कसा, असे वाटेल; पण भाग कारखान्याचे असले तरी जोडणी आपली असते. धातूत बसणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक लावा, प्लॅस्टिकला मात्र नको. पात्यांच्या टोकांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो; म्हणून पाती बसवल्यावरची चाचणी मोकळ्या मैदानात, किमान १० मीटर दूर उभे राहूनच घ्या. बहुतेक वेळा ही दुरुस्ती कमी खर्चात, घरच्या घरी जमते.