काटा लाल झाला. पण इंजिन खरोखर तापले आहे का?

सूत वर जाते आणि कोरे कापड खाली येते. मुंबई-भिवंडी आणि मालेगाव यांच्यातला धंदा असा चालतो आणि या दोन्ही फेऱ्यांच्या मध्ये मुंबई-आग्रा रस्त्यावरचा कसारा घाट उभा असतो. मोठ्या पेढ्यांचा माल नव्या गाड्यांतून जातो. आमच्यासारख्या लहान व्यापाऱ्यांचा माल बहुधा जुन्या गाडीतून जातो आणि त्या गाडीचा मालक हाच तिचा ड्रायव्हर असतो. अशा गाडीच्या टेम्परेचर मीटरचा काटा लाल पट्ट्यात गेला की दोघांचा पैसा एकदम अडकतो: आमचा मालात, त्याचा गाडीत.

आम्ही कापडवाले आहोत, इंजिनाचे कारागीर नव्हे. परंतु गेली तीस वर्षे ज्यांच्या गाड्यांवर आमची रोजी चालली, त्या ड्रायव्हर भाईंकडून आणि कुर्ल्यातल्या उस्तादांकडून जे पाहिले आणि शिकलो ते येथे देत आहोत. उर्दू शाळेत आम्ही ‘दर्जा-ए-हरारत’ हा शब्द शिकलो होतो. गॅरेजमध्ये त्याला टेम्परेचर म्हणतात आणि घाटात नुसते ‘गाडी गरम मारते’ एवढेच म्हणतात. शब्द कोणताही असो, पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो: गरम काय आहे, इंजिन की मीटर? हा प्रश्न न विचारताच हेड उघडले जाते, रेडिएटर बदलला जातो आणि महिन्याची कमाई गॅरेजात जाते.

वरळीच्या बीडीडी चाळींपाशी आमचा माल नेणारी एक जुनी टाटा ४०७ उभी राहते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बांधकामामुळे गाडी लावायची जागा वरचेवर बदलते, पण गाडी तीच आहे. तिचा काटा दिवसा ठीक असे आणि रात्री भिवंडीच्या पुढे गेल्यावर लाल पट्ट्याला टेकत असे. एका गॅरेजने (नाव घेण्याचे कारण नाही) हेड गास्केट गेल्याचे सांगून हेड उतरवण्याचा मोठा खर्च काढला. मालकाने उधारीची तयारीही केली होती. तेवढ्यात एका म्हाताऱ्या ऑटो-इलेक्ट्रिशियनने चाळीच्या रस्त्यावर उभ्या गाडीची चावी फिरवली, इंजिन चालू न करता हेडलाइट लावले आणि काटा दाखवला. थंड इंजिनावर काटा वर चढला. टेम्परेचरचाच नव्हे, शेजारचा डिझेलचाही.

यात सारे आले. दिवा लावल्याने पाणी गरम होत नाही आणि टाकीतले डिझेल वाढत नाही. दोन्ही काटे एकदम हलतात तेव्हा दोष दोघांच्या सामाईक जागेत असतो, म्हणजे मीटर बोर्डाच्या अर्थिंगमध्ये, किंवा मीटरांना बेताचा व्होल्टेज देणारी लहान डबी असते तिच्यात. येथे अर्थिंगचा स्क्रू गंजला होता. समुद्र जवळ असल्याने वरळीत लोखंड लवकर गंजते. पॉलिश पेपरने घासून, नवा स्क्रू लावून काम झाले. हेडला हात लावावा लागला नाही.

हे समजण्यासाठी मीटर चालते कसे ते थोडक्यात पाहू. फार जुन्या ट्रकांत इंजिनापासून मीटरपर्यंत केसासारखे पोकळ छिद्र असलेली तांब्याची नळी असे. टोकाच्या फुग्यातला द्रव तापला की त्याच्या दाबाने काटा हले. त्याला वीज लागत नाही. नळी दुमडली किंवा चिरली की मीटर मेले. नंतरच्या गाड्यांत विजेचे मीटर आले. इंजिनाच्या पाण्यात एक सेन्सर बुडालेला असतो. पाणी थंड असताना तो विजेला जास्त अडवतो, तापत जाईल तसा कमी अडवतो. मीटरमधून वीज वायरने सेन्सरपर्यंत येते आणि सेन्सरच्या आट्यांतून इंजिनाच्या लोखंडात उतरते. म्हणजे काटा पाण्याबरोबरच वायर, आटे, गंज आणि बॅटरी यांचेही ऐकतो.

यावरून पहिली ओळख अशी. इंजिनात कित्येक लिटर पाणी आणि मोठे लोखंड असते. ते एका क्षणात वीस-तीस अंश चढू किंवा उतरू शकत नाही. काटा उडी मारत असेल, खड्ड्यात थरथरत असेल, हॉर्न वाजवताच हलत असेल, तर वायर पाहावी. काटा हळूहळू चढतो, घाट संपला की हळूहळू उतरतो, तर ते पाणीच बोलते आहे असे समजावे.

दुसरी तपासणी वायर काढून करायची. इंजिन बंद, चावी चालू. सेन्सरवरची वायर काढली की बहुतेक जुन्या एक-वायरच्या गाड्यांत काटा थंडकडे पडतो. तीच वायर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला क्षणभर टेकवली की काटा गरमकडे धावतो. क्षणभरच टेकवावी, नाहीतर मीटर जळेल. वायर काढूनही काटा गरमच राहिला, तर ती वाटेत कोठेतरी घासून बॉडीला लागते आहे. टेकवूनही काटा हलला नाही, तर वायर तुटली आहे किंवा मीटर गेले आहे. दोन्ही बरोबर झाले तर वायर आणि मीटर ठीक. आता संशय सेन्सरवर किंवा खऱ्या उष्णतेवर.

सेन्सरसाठी आमच्या धंद्यातलीच वस्तू उपयोगी पडते. रंगाईवाल्यांकडे काचेचा थर्मामीटर असतो, तो १०० अंशांच्या पुढेही दाखवतो. थंड इंजिनातून सेन्सर काढावा, पातेल्यात पाणी तापवावे, सेन्सरचे टोक त्यात बुडवावे. गाडीची वायर लांबवून त्याला जोडावी आणि सेन्सरच्या अंगापासून दुसरी वायर इंजिनाच्या लोखंडाला द्यावी. थर्मामीटर ८० दाखवेल तेव्हा काटा कोठे आहे, ९० ला कोठे, उकळताना कोठे, हे मीटरच्या काचेवर पेनने खूण करून ठेवावे. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळते. इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंच आहे, तेथे ९८ च्या आसपास. कंपनीच्या पट्ट्यांवर आकडे नसतात, आपल्या खुणांवर असतात. गॅरेजवाल्याशी बोलताना ‘लालच्या जवळ’ म्हणण्यापेक्षा ‘९५’ म्हटले तर समोरचाही सावधपणे बोलतो.

हल्ली बंदुकीसारखे दुरून तापमान सांगणारे यंत्रही मिळते. करोनाच्या काळात कपाळासमोर धरत ते मात्र घेऊ नये. ते माणसाच्या तापापुरतेच असते. कारखान्यात वापरतात ते घ्यावे. चकचकीत धातूवर ते खोटे, कमी आकडा दाखवते. म्हणून थर्मोस्टॅटच्या घराजवळ काळी चिकटपट्टी लावून तीवर धरावे.

आता धोक्याची बाजू. काटा खोटा वर गेला तर पैसे जातात, काटा खोटा खाली राहिला तर इंजिन जाते. हे दोन प्रकारे घडते. सेन्सर बसवताना गळती नको म्हणून आट्यांवर नळवाल्यांची पांढरी टेप भरपूर गुंडाळतात. त्या टेपमुळे सेन्सर आणि लोखंड यांचा मेळ तुटू शकतो, वीज पुरी उतरत नाही आणि काटा खऱ्यापेक्षा थंड दाखवतो. दुसरा प्रकार अधिक वाईट. होज पाइप फुटून पाणी निघून गेले की सेन्सर कोरडा पडतो. तो पाण्याची उष्णता मोजायला केलेला आहे. पाणीच नसेल तर काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. ड्रायव्हरला वाटते गाडी थंड झाली, इकडे पिस्टन जाम होतात. चढावर चढलेला काटा चढ न संपताच एकदम खाली आला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि खाली वाकून पाहावे.

तपासणीत सारी वायर निर्दोष निघाली आणि पाणी खरेच तापते आहे असे ठरले, तर क्रम स्वस्तापासून महागाकडे ठेवावा. पाणी पुरे आहे का, फॅन बेल्ट ढिला आहे का, वॉटर बॉडी गळते का. वरचा पाइप कडक गरम आणि खालचा पाइप थंड असेल, तर पाणी फिरत नाही; थर्मोस्टॅट बंदच राहिला किंवा रेडिएटर चोंदला. (हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करावे, फॅन बोटे ओळखत नाही.) भिवंडीच्या लूमच्या गल्ल्यांत गाड्या भरतात तेथे हवेत कापसाची धूळ असते, ती रेडिएटरच्या पत्र्यांत बसते, तिच्यावर रस्त्याची माती चिकटते आणि नमदा तयार होतो. आतून रेडिएटर साफ करून घेणारे पुष्कळ आहेत, बाहेरून टॉर्च धरून पाहणारे थोडे. इंजिनाच्या बाजूने पुढे हलक्या दाबाने पाणी मारावे. जोराच्या फवाऱ्याने पत्रे मुडपतात. बोअरिंगचे खारे पाणी आत घालू नये, त्याचा थर बसतो आणि गंज चढतो. नळाचे पाणी त्यापेक्षा बरे, कूलंट मिसळलेले त्याहून बरे.

रेडिएटरचे झाकण साधे समजले जाते, पण त्याचे काम प्रेशर कुकरच्या शिटीचे आहे. ७ पौंडी झाकण ठीक असेल तर आतले पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर सुकलेले झाकण दाब धरत नाही; मग १०० लाच उकळी फुटते, पाणी बाहेर पडते आणि दोष इंजिनावर येतो.

थर्मोस्टॅटबद्दल आमचे उस्तादांशी भांडण आहे. ‘आपल्या गरम मुलखात त्याचे काय काम?’ असे म्हणून तो काढून फेकायची रीत आपल्याकडे पडली आहे. त्याने काटा खाली येतो आणि गिऱ्हाईक खूश होतो. परंतु इंजिन थंड राहिले की डिझेल नीट जळत नाही, खप वाढतो, ऑइल लवकर बिघडते. शिवाय अनेक इंजिनांत पाण्याला रेडिएटर टाळून परत फिरण्याची आडवाट असते. थर्मोस्टॅट उघडला की ती बंद होते. तोच काढला तर थोडे पाणी गार न होता फिरत राहते आणि चढावर इंजिन उलट जास्त तापते. काढण्यापूर्वी निदान पातेल्यात दोऱ्याने टांगून पाहावा. उघडण्याचा अंश बहुधा त्यावरच कोरलेला असतो, ८२ किंवा तसाच काही. त्या सुमारास उघडू लागला आणि आणखी दहा-बारा अंशांत पुरा उघडला, तर तो निर्दोष आहे. बीडीडीच्या त्या ४०७ चाही थर्मोस्टॅट कधीकाळी काढलेला निघाला. तो बसवल्यावर काटा पूर्वीपेक्षा थोडा वर राहू लागला आणि मालक दोन फेऱ्या घाबरत होता. काचेवरची खूण ८५ सांगत होती, म्हणजे सारे ठीक होते.

हेडचा संशय सर्वांत शेवटी. थंड इंजिनाचे झाकण काढून इंजिन चालू करावे. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, ऑइल दुधाळ झाले असेल, पाणी गळती न दिसता कमी होत असेल, तर मात्र गास्केट तपासून घेण्यात वेळ घालवू नये.

घाटात काटा खरोखर चढू लागला तर उंच गिअरमध्ये इंजिन दाबू नये. वेळेत खालचा गिअर टाकावा. इंजिनाचे फेरे वाढले की फॅन आणि वॉटर बॉडी दोन्ही जोराने फिरतात. थांबावे लागले आणि पाणी गळत नसेल तर इंजिन थोडे चालू ठेवावे. पाणी गेले असेल तर ताबडतोब बंद करावे. गरम झाकण उघडू नये. वाफेने चेहरे भाजतात. निदान अर्धा तास थांबावे, मग गोणपाट टाकून पहिल्या आट्यापर्यंत फिरवावे, फुसफुस संपली की उघडावे. तापल्या इंजिनावर किंवा आत थंड पाणी ओतले तर हेडला तडा जातो. वर इगतपुरीला चहासाठी थांबतानाही चावी लगेच काढू नये, दोन-चार मिनिटे इंजिन हळू चालू द्यावे.