शोध विद्यापीठाचा, यंत्र कारखान्याचं, डाळ आपल्या गटाची

मैत्रिणींनो, संशोधक म्हटलं की आपल्या लोणारात सरोवराच्या काठावर बाटल्यांत पाणी भरणारी माणसं डोळ्यासमोर येतात. पण एक संशोधन थेट आपल्या तुरीच्या पोत्यापर्यंत आलं आहे.

तूर निघाली की आपण ती विकतो आणि पुढं वर्षभर डाळ दुकानातून विकत आणतो. मधला पैसा गावाबाहेर जातो. गावातच डाळ करता यावी म्हणून अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ तयार केली. आपला बुलढाणा जिल्हा याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो.

यंत्र गावापर्यंत कसं येतं?

1. विद्यापीठातले अभियंते नमुना बनवतात, चालवून तपासतात. पण गावोगावी यंत्रं पुरवणं हे काही विद्यापीठाचं काम नाही.
2. म्हणून विद्यापीठ कारखानदाराशी करार करतं. आराखडा विद्यापीठाचा, कारखानदार ठरलेलं शुल्क भरतो, यंत्र बनवतो आणि विकतो.
3. तिसऱ्या आपण. यंत्र रोज चालवणारी बाईच सांगू शकते की डाळ कुठं तुटते, रोलर कधी गुळगुळीत होतो, कोणता भाग उचलताना कंबर धरते. हे विद्यापीठाला कळलं, तरच पुढचं यंत्र सुधारतं.

हिशोब मांडून पाहू

हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. समजा 1 क्विंटल तूर 7,000 रुपयांची. तेल, वीज, मजुरी, पिशव्या मिळून 500 रुपये. एकूण खर्च 7,500.

डाळ निघाली 70 किलो, भाव 110 रुपये: 7,700. ढोरांसाठी चुनी 25 किलो, 15 रुपयांनी: 375. हाती आले 8,075. नफा 575 रुपये.

आता डाळ 65 किलोच निघाली, चुनी 30 किलो झाली. हाती येतात 7,600. नफा फक्त 100 रुपये! पाच किलोत सगळा खेळ. तूर नीट वाळली नाही, तेल-पाणी नीट लागलं नाही किंवा रोलर झिजला, तर हे पाच किलो जातात. म्हणून यंत्राइतकंच प्रशिक्षणही महत्त्वाचं.

पैसे देण्याआधी

- विक्रेत्याला विचारा: विद्यापीठाशी करार आहे का? कागद दाखवा. नावात ‘पीकेव्ही’ लिहिलं म्हणजे यंत्र खरं, असं नाही.
- आपली तूर सोबत न्या. चालू यंत्रावर डाळ काढून वजन करा.
- दुरुस्ती कोण करणार, सुटे भाग कुठं मिळणार, हे पावतीवर लिहून घ्या.
- 2020 साली सुरू झालेल्या पीएम-एफएमई योजनेत अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाला सदस्यामागे 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे. सध्या अर्ज घेतात का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा.
- डाळ पिशवीत भरून विकायची, तर अन्न नोंदणी काढावीच लागते.

पुढच्या बैठकीसाठी

आपल्या गटातल्या घरांची मिळून किती क्विंटल तूर होते? किती महिने यंत्र चालेल? उरलेले महिने हरभरा, मूग, उडीद मिळेल का? उत्तरं गटाच्या वहीत लिहा आणि ग्रामसंघाच्या बैठकीला ती वही घेऊन या. एका गटाला यंत्र परवडत नसेल, तर चार गटांना परवडेल.

विद्यापीठानं शोध लावला, कारखान्यानं यंत्र केलं. आता हिशोब आपण करायचा, तायांनो.