गजकर्ण का हटत नाही?

जांघेत, कमरेभोवती, काखेत किंवा छातीखाली गोल लालसर चट्टा उठतो. त्याची कड उंचावलेली असते, कडेवर बारीक पुटकुळ्या असतात आणि मधली त्वचा जरा निवळलेली दिसते. खाज इतकी, की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पावसाळ्यात नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव अशा कोणत्याही तालुक्यातल्या डॉक्टरांना विचारावे, हा रुग्ण त्यांच्या ओळखीचा असतो. त्याची तक्रारही ठरलेली असते : मलम लावले की जाते, बंद केले की परत येते.

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा संसर्ग आहे, रक्तातल्या 'उष्णतेचा' नाही. पूर्वी साध्या मलमाने तो दोन-चार आठवड्यांत आटोक्यात येई. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर चित्र पालटले. चट्टे मोठे झाले, चेहऱ्यापर्यंत पोहोचले, घरातली लहान मुलेही सुटेनात. पूर्वी भारतात प्रामुख्याने ट्रायकोफायटॉन रुब्रम ही बुरशी सापडत असे. आता तिची जागा दुसरीने घेतली आहे.

ही दुसरी नेमकी कोणती, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही. तिच्या जवळच्या नात्यातल्या बुरशी हुबेहूब तिच्यासारख्या दिसतात. म्हणून शास्त्रज्ञांनी बुरशीच्या डीएनएमधला 'आयटीएस' नावाचा छोटा पट्टा वाचला. पीसीआर यंत्रात त्याच्या असंख्य प्रती काढायच्या आणि त्यातल्या अक्षरांचा क्रम आधी नोंदलेल्या क्रमांशी ताडून पाहायचा, अशी ही पद्धत. तेव्हा भारतातली बुरशी सुरुवातीला या नात्यातल्या बुरशींचा आठवा जनुकीय प्रकार म्हणून वेगळी निघाली. पुढे २०२० मध्ये जपानमधील रुई कानो आणि सहकाऱ्यांनी तिथे राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतली हीच बुरशी तपासून तिला स्वतंत्र नाव दिले : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी.

ही ओळख पटल्यामुळे औषध का हरते, तेही उलगडले. टर्बिनाफिन हे गजकर्णावर खूप वापरले जाणारे औषध. बुरशीला आपले पेशीपटल बांधायला स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचे विकर लागते. टर्बिनाफिन त्याला चिकटून त्याचे काम बंद पाडते. या बुरशीच्या अनेक नमुन्यांत त्या विकराच्या साखळीतला ३९७ वा किंवा ३९३ वा घटक बदललेला आढळला. एवढ्याशा बदलाने औषधाची पकड सुटते. दिल्लीत तपासलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नमुन्यांपैकी सुमारे एकतृतीयांश टर्बिनाफिनला दाद देत नव्हते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन महिलांमध्ये हीच बुरशी सापडल्याचे अमेरिकेने जाहीर केले. त्यातली एक नुकतीच परदेशातही गेलेली नव्हती.

गजकर्णाने जीव जात नाही, म्हणून त्याची मोजदादही होत नाही. २०२१ मध्ये भारतात म्युकरमायकोसिसची, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या 'काळ्या बुरशी'ची, प्रत्येक केस कळवणे बंधनकारक झाले. गजकर्णाची अशी नोंद ठेवली जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये काढलेल्या १९ धोकादायक बुरशींच्या यादीतही गजकर्णाची ही बुरशी नाही. पण उसाच्या फडात भर उन्हात खाजवत कोयता चालवणाऱ्या मजुराला हा आजार किरकोळ वाटत नाही.

सर्वांत मोठे नुकसान करते ती दुकानातून मागून आणलेली 'खाजेची ट्यूब'. वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर त्या मलमात स्टिरॉइड आहे. दोन दिवसांत खाज आणि लाली ओसरते, कारण त्वचेची प्रतिकाराची धार बोथट होते. बुरशी मात्र आत निवांत पसरते. मग चट्ट्यात चट्टा, कड्यात कडे दिसू लागते. जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उठतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती सर्रास मिळतात. लसूण किंवा चुना चोळल्याने त्वचा भाजते, बुरशी तशीच राहते.

तपासणी अवघड नाही. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा ब्लेडच्या बोथट बाजूने काचपट्टीवर खरवडून घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि थोड्या वेळाने पाहतात. त्वचेच्या पेशी विरघळलेल्या असतात आणि त्यांच्यामधून गाठी-गाठींचे, फाटे फुटलेले पारदर्शक धागे आडवेतिडवे गेलेले दिसतात. हिवतापाची स्लाइड पाहायचा सूक्ष्मदर्शक यालाही चालतो. बुरशीची जात मात्र डीएनए तपासणीनेच ठरते आणि ती मोठ्या प्रयोगशाळांत होते.

उपचार सुरू झाल्यावर मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवावे. गोळ्यांचा कोर्स अर्ध्यावर सोडू नये. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल जेवणानंतर घ्याव्यात, पित्ताच्या गोळीसोबत घेऊ नयेत. हृदयाचा किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ते आधी सांगावे.

घरात एकाला गजकर्ण असेल, तर सर्वांना तपासावे आणि बाधितांवर एकाच वेळी उपचार करावेत. टॉवेल, चादर, आतले कपडे वेगळे ठेवावेत, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. पावसात घरातल्या दोरीवर ओलसर राहिलेला कपडा अंगात घालू नये. कमरेचा ओला करदोडा आणि घट्ट जीन्स बरे होईपर्यंत काढून ठेवावी. आश्रमशाळेत एका टॉवेलने अनेक मुलांनी अंग पुसणे आणि ऊसतोडीच्या कोपीत एकच गोधडी सर्वांनी पांघरणे, या दोन सवयींवर अधीक्षकांनी आणि मुकादमांनी लक्ष द्यावे.

चट्ट्याला खाज नसेल आणि स्पर्शही कळत नसेल, तर गजकर्णाचे मलम लावत बसू नये. ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. सरकारी आरोग्य केंद्रात त्याची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. गजकर्ण चार आठवड्यांच्या नीट उपचारानेही हटले नाही, तर आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि नवे औषध सुरू होण्याआधी कोंड्याची तपासणी करून देण्याची विनंती करावी.