लुळेपणा न आणणारा पोलिओ

पोलिओ म्हटले की लुळा पडलेला पाय आपल्या डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः तो या रोगाचा विरळा परिणाम होय. शंभर बालकांस लागण झाली, तर सुमारे सत्तरांना काहीच जाणवत नाही. वीस-पंचविसांना थोडा ताप, घसादुखी वा ओकारी होऊन आठवड्याच्या आत बरे वाटते. एक ते पाच बालकांच्या मेंदूच्या आवरणास सूज येते, मान व पाठ ताठते. परंतु तीही काही दिवसांत बरी होतात. यास लुळेपणा न आणणारा पोलिओ म्हणतात. लुळेपणा सुमारे दोनशेंत एकास येतो.

मग चिंता कशाची? विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो, आतड्यांत वाढतो आणि कित्येक आठवडे मलावाटे बाहेर पडतो. न धुतलेले हात व दूषित पाणी यांतून तो दुसऱ्याच्या मुखी जातो. हसतेखेळते मूलही तो पसरवीत असते. एक मूल लुळे पडेपर्यंत वस्तीतील शेकडो बालकांस लागण झालेली असते. म्हणूनच मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासून विषाणूचा शोध घेण्यात येऊ लागला.

भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. तथापि पाकिस्तान व अफगाणिस्तानात हा विषाणू अद्याप आहे, आणि प्रवास करणारे निरोगी शरीरही त्यास वाहून नेऊ शकते. आपल्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत दूरदूरची कुटुंबे कामासाठी येतात. म्हणून येथे प्रत्येक बालकाची लस पूर्ण असणे अगत्याचे आहे.

यास्तव आम्ही सभासद मातापित्यांस विनवितो की, जन्मतः व सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यांत तोंडावाटे थेंब द्यावेत. सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत आणि नवव्या महिन्यात सुई टोचून घ्यावी. दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा थेंब पाजावेत. पल्स पोलिओच्या दिवशी, पूर्वी डोस झाले असले तरी, पाच वर्षांखालील बालकास अवश्य न्यावे. किरकोळ सर्दीतापामुळे डोस चुकवू नये. शौचानंतर, तसेच स्वयंपाक व प्रसाद वाटण्यापूर्वी, साबणाने हात धुवावेत. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात वा पाय अकस्मात् लुळा पडल्यास त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.