अर्ध्या घरट्यांचे कोडे

मालवणच्या किनाऱ्यावर आषाढ उतरला की सारे बंदर जणू दार लावून बसते. समुद्र खवळलेला असतो. होड्या वाळूवर ओढून घेतलेल्या असतात आणि त्यांच्यावर माडाच्या झापांचे आच्छादन पडलेले असते. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याच्या बांधकामास आरंभ केला, तो सिंधुदुर्ग किल्ला डोळ्यांसमोर दिसतो. परंतु तिकडे जाणारी होडी बंद असते. पाऊस कौलांवर कोसळत राहतो आणि घरातील मुलांना दिवस फार मोठा वाटू लागतो.

अशाच एका घरात चौदा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला कंटाळ्याने घेरले होते. त्याने काही केले नव्हते असे मात्र नव्हे. त्याने पंधरा दिवस चित्रे काढली; शेजारचा मित्र आपल्यापेक्षा सरस चित्रे काढतो असे दिसताच रंगांची पेटी मिटली. नंतर बासरी आणली. सूर लागेना, तेव्हा ती फळीवर गेली. टपालाची तिकिटे जमवण्यास आरंभ केला. ती वही आठ पानांवर थांबली. मोबाइलच्या पडद्यावर बोटे फिरवताना वेळ भराभर जाई खरा. परंतु तो खाली ठेवताच कंटाळा जिथे होता तिथेच बसलेला आढळे. हळूहळू त्याच्या मनाने घेतले, की दोष पावसाचा नाही. आपल्या अंगी कोणताच गुण नाही. कंटाळ्यापेक्षा हा विचार त्याला अधिक सलत होता; म्हणून तो कोणाजवळ बोलून दाखवीत नसे.

एके दिवशी त्याचे आजोबा पडवीत बसून सुंभ वळीत होते. नातू खांबाला टेकून पावसाकडे पाहत होता.

“आजोबा, या पावसात माणसाने करायचे तरी काय?” त्याने विचारले.

आजोबांचे हात थांबले नाहीत. ते म्हणाले, “झिला, विहिरीजवळच्या माडावर सुगरणीची घरटी किती आहेत?”

“असतील दहा-बारा.”

“असतील नव्हे. मोजून ये.”

पाऊस थोडा उघडला होता. मुलगा जाऊन आला. “सतरा आहेत. पण त्यांतली सहा अर्धीच आहेत. वाऱ्याने मोडली असावीत.”

“मोडलेले घरटे वेगळे आणि बांधता बांधता सोडलेले वेगळे. इतके कष्ट करून पाखरू घरटे अर्धे का सोडत असेल?”

“तुम्हीच सांगा.”

“मला ठाऊक असते तर तुला कशाला विचारले असते? लहानपणापासून पाहत आलो. पण कधी नीट पाहिले नाही. तू पाहा आणि मला सांग.”

आजोबांना एखादी गोष्ट ठाऊक नाही, याचेच मुलाला नवल वाटले. त्याने गेल्या वर्षीच्या वहीची कोरी पाने काढली आणि पहिल्या पानावर दिनांक घालून लिहिले : ‘घरटी सतरा. पुरी अकरा. अर्धी सहा.’

दुसऱ्या दिवसापासून तो शाळेपूर्वी अर्धा तास विहिरीच्या कठड्याशी उभा राहू लागला. पहिल्या आठवड्यातच त्याच्या ध्यानी आले, की आजवर आपण या पाखराकडे पाहत होतो, पण ते आपल्याला दिसत नव्हते. घरटे विणणारा पक्षी नर असतो. त्याचा माथा पिवळाजर्द असतो. तो भाताच्या पात्याला चोचीने खाच पाडतो, तिचे टोक धरून उडतो आणि पात्याची लांब दोरी सोलून नेतो. अर्धे घरटे उलट्या टांगलेल्या शिरस्त्राणासारखे दिसते. अशा अर्ध्या घरट्याला लटकून नर पंख फडफडवतो आणि किलबिल करतो. मग चिमणीसारखी साधी दिसणारी मादी येते, आत शिरते, इकडे तिकडे टोचून पाहते आणि पुष्कळदा तशीच निघून जाते. हे सारे वहीत उतरले.

नवव्या दिवशी मात्र मुसळधार पाऊस होता. तासभर उभे राहूनही एक पाखरू दिसले नाही. दहावा दिवसही तसाच गेला. चित्रांची पेटी मिटली होती, बासरी फळीवर गेली होती. आता या वहीचेही तेच होणार, असे मुलाला वाटले. रात्री त्याने वही बाजूला सारली होती. परंतु आजोबांनी जेवताना सहज विचारले, “आज काय दिसले?” “काहीच नाही,” तो म्हणाला. “मग तेच लिही,” असे आजोबांनी सांगितले. त्याने लिहिले : ‘पाऊस. कोणी आले नाही.’ पुढे पाने चाळताना त्याला आढळले, की जोराच्या पावसाच्या दिवशी विणकाम थांबते आणि उघडीप होताच ते दुप्पट वेगाने चालते. ही गोष्ट त्या दोन रिकाम्या दिवसांनीच त्याला शिकवली होती.

श्रावणात त्याने ही वही शाळेत शिक्षकांना दाखवली. शिक्षकांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, “हेच कोडे कोकणच्याच किनाऱ्यावर एका माणसाने १९३० मध्ये सोडवले आहे.” आणि त्यांनी मुलांना डॉ. सालिम अली यांची हकीकत सांगितली.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच त्यांचे आईवडील वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतील आपल्या घरी त्यांना वाढवले. घरी शिकारीची आवड होती. सालिमलाही एक छर्ऱ्याची बंदूक मिळाली होती. एके दिवशी त्याने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. ही कोणती, असे त्याने मामांना विचारले. मामांनाही सांगता येईना. परंतु त्यांनी प्रश्न झटकून टाकला नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था सृष्टिविज्ञानाचा अभ्यास करीत असे. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या बुजऱ्या मुलाला पीतकंठी चिमणी ओळखून दाखवली आणि संग्रहातील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडले. मुलाने एक प्रश्न आणला होता. तो परतला तेव्हा त्याच्या मनात शेकडो प्रश्न होते.

पुढील वाट सुगम नव्हती. शाळेत प्रकृतीने त्यांना साथ दिली नाही. महाविद्यालयाचे पहिलेच वर्ष जड गेले आणि अभ्यास सोडून कौटुंबिक व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले. धंद्यात यश आले नाही. परंतु तेथील रानांतील पाखरे त्यांनी डोळे भरून पाहिली. मुंबईस परतल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. नंतर ते जर्मनीस जाऊन बर्लिन येथे पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! हातात काम नाही, अशा स्थितीत ते अलिबागजवळील किहीम येथे राहावयास गेले. तेथे सुगरणींची वसाहत होती. दुसरा कोणी नशिबाला दोष देत बसला असता. सालिम अली पावसाळाभर त्या घरट्यांकडे पाहत बसले.

त्या पाहण्यातून कोडे उलगडले. नर घरटे अर्धे बांधून थांबतो. तेव्हा माद्या येऊन ते पारखतात. एखादीने ते पसंत केले तर नर पुढील काम पुरे करतो, खाली लोंबणारी नळीसारखी वाट विणतो. मादी आत अंडी घालून ती एकटी उबवते. नर लगेच दुसरे घरटे बांधू लागतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. जे घरटे कोणत्याच मादीला पसंत पडत नाही, ते अर्धेच राहते. लोक ज्या विणकामाचे श्रेय सुगरणीला देतात, ते मुख्यतः नराचे असते. १९३१ मध्ये सालिम अली यांचा हा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक निघाले. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांत प्रकाशित झाला. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, ते वारले. एका चिमणीपासून जडलेला छंद आयुष्यभर पुरला. काळाप्रमाणे त्याचे साधन मात्र बदलले. लहानपणी हाती बंदूक होती. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरांना संरक्षण दिले आहे. पक्षिनिरीक्षकाला आता डोळे, वही आणि जमल्यास दुर्बीण एवढे पुरते.

छंदातून नवे ज्ञान निघते, याचा दाखला सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आहे. मालवण तालुक्यातील कुडोपी गावच्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेली प्राचीन चित्रे आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत अशी कातळशिल्पे शोधून काढण्यात, पुरातत्त्व हा ज्यांचा व्यवसाय नव्हता, अशा स्थानिक हौशी मंडळींचा वाटा फार मोठा आहे. सुट्टीच्या दिवशी ते उन्हातान्हात सडे तुडवीत, गुराख्यांना आणि वृद्धांना विचारीत हिंडले. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला. त्या स्थळांत कुडोपीही आहे.

शिक्षकांचे बोलणे ऐकून मुलगा प्रथम थोडा खट्टू झाला. आपले कोडे कोणीतरी आधीच सोडवले होते! परंतु घरी येऊन त्याने वही उघडली, तेव्हा त्याच्या ध्यानी आले, की आपल्या माडाची हकीकत अजून कोणीच लिहिलेली नाही. सहा घरटी नाकारली गेली. ती हीच का? त्यांतील चार माडाच्या एकाच बाजूस होती. तिकडून वारा अधिक लागतो काय? घरट्याची जागा मादीच्या निवडीत महत्त्वाची असते, हे पुढील अभ्यासकांनीही दाखवून दिले आहे. मुलाने नव्या पानावर माडाची आकृती काढली आणि एकेका घरट्याला क्रमांक दिला. ही आकृती मित्राच्या चित्रापेक्षा सरस आहे की नाही, हा विचारही त्याच्या मनात आला नाही.

करमणूक आणि छंद यांतील भेद येथेच आहे. करमणूक वेळ घेते आणि निघून जाते. छंद काल जिथे थांबला तिथून आज पुढे जातो. करमणुकीत पहिला दिवस सर्वांत गोड असतो. छंदात पुष्कळदा दहावा दिवस रूक्ष असतो आणि शंभरावा गोड होतो. अंगी गुण आहे की नाही, हे ठरवून कोणी छंदास आरंभ करू शकत नाही. तो गुण रोजच्या पाहण्याने आणि करण्याने अंगी येतो. चित्र असो, बासरी असो वा पाखरे असोत, रूक्ष दिवशीही वही उघडणाऱ्यालाच छंद जडतो.

नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण झाला आणि होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. पुढे घरट्यांतील पिल्ले उडून गेली. नरांच्या माथ्याचा पिवळा रंगही ओसरू लागला. आजोबांनी विचारले, “काय रे, उत्तर मिळाले?”

“एक मिळाले, आजोबा,” मुलगा म्हणाला, “आणि तीन नवे प्रश्न पडले. आता थंडीत किनाऱ्यावर कुरव येतील. ते कोणत्या तारखेला येतात, तुम्हांला ठाऊक आहे?”

“नाही बुवा,” आजोबा हसून म्हणाले.

“मग मी लिहून ठेवतो,” असे म्हणून त्याने नवी वही काढली.

अभ्यास

१. मुलाने चित्रे, बासरी आणि तिकिटे हे उद्योग का सोडले? पाखरांची वही त्याने का सोडली नाही?
२. ‘पाऊस. कोणी आले नाही.’ या नोंदीचा मुलाला पुढे काय उपयोग झाला?
३. सुगरण पक्ष्याची काही घरटी अर्धी का राहतात, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. मामा, मिलार्ड आणि आजोबा यांच्या वागण्यात कोणते साम्य आढळते?
५. आपल्या घराजवळील एखादे झाड, पक्षी किंवा ओढा यांचे पंधरा दिवस निरीक्षण करा आणि काही न दिसलेल्या दिवसांसह रोजची नोंद ठेवा.